आधुनिक कला संग्रहालय (बाहेरून): दिल्ली टूरवाल्यांना खुलं पत्र

सगळ्या दिल्ली-आग्रा टूरवाल्यांनो, तुमच्या टूर मॅनेजर दादा-ताईंनो, आणि ऑफिसात बसून ते सात दिवसांचं पत्रक जो कोणी टाइप करतो त्याला विशेष करून,

नमस्कार.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. तुमच्यापैकी दोघांबरोबर दोन वेळा दिल्ली केलीय, एकदा आईबाबांना घेऊन आणि एकदा आई आणि भाचीला घेऊन. नावं घेत नाही कारण भांडायचं नाहीये, आणि तसंही तुमची सगळ्यांची पत्रकं एकमेकांची झेरॉक्स मारल्यासारखीच असतात. जेवणाबद्दल तक्रार नाही, दिल्लीच्या थंडीत सकाळी सातला गरम पोहे आणि रात्री पिठलं-भात देता त्याबद्दल तुमचे उपकारच आहेत. तक्रार एका कंसाबद्दल आहे.

कंस असा. दिवस तिसरा, दिल्ली दर्शन: कुतुबमिनार, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन (बाहेरून), संसद भवन (बाहेरून), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (बाहेरून), सायंकाळी शॉपिंग.

आता संसद भवन बाहेरून हे मी समजू शकते, पन्नास माणसांची बस घेऊन तिथे आत कोण सोडणार. राष्ट्रपती भवनात सोडतात खरं तर, आधी बुकिंग केलं तर, पण ते जाऊ दे. पण चित्रांचं संग्रहालय बाहेरून म्हणजे काय हो? चित्रं आत असतात. देवळाचं वेगळं असतं, बस लांबून जाताना नुसता कळस दिसला तरी आपण हात जोडतो आणि दर्शन झालं म्हणतो. हे संग्रहालय ज्या जयपूर हाऊसमध्ये आहे त्यालाही वर घुमट आहे, मान्य, पण त्या घुमटाला हात जोडून काय पदरात पडतं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या वेळी मी मॅनेजरला विचारलं होतं, की दादा आत का नाही जायचं. तो म्हणाला ताई आज सोमवार, बंद असतं. बरं. मग दुसरी एखादी तारीख? तर म्हणे लोक बोअर होतात, कुणाला काय कळत नाही त्यातलं, फोटो काढा आणि चला. मग आम्ही रस्त्याच्या अलीकडून फोटो काढले. माझ्याकडे अजून आहे तो फोटो, बाबा मफलर गुंडाळून उभे आहेत आणि मागे झाडांतून इमारतीचा एक तुकडा दिसतोय, तो कुठल्याही सरकारी ऑफिसचा म्हणून खपेल.

घरी आल्यावर मी शांतपणे बसून ते पत्रक वारांप्रमाणे लावून बघितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. दिल्लीत सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, जनपथवरचं नॅशनल म्युझियम बंद, आणि हे आधुनिक कला संग्रहालयही बंद. म्हणजे दिल्लीचा अर्धा भाग सोमवारी कुलूप लावून बसतो. मग सोमवारी उघडं काय, तर कुतुबमिनार आणि इंडिया गेटची मोकळी जागा. म्हणून तुम्ही इंडिया गेट सोमवारी घेता. आणि इंडिया गेटच्या गोलाला लागूनच जयपूर हाऊस आहे, म्हणून तेही सोमवारात सापडतं, आणि बंद आहे हे सांगायला नको म्हणून कंस. बघा, मी काय म्हणते, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे तुमच्या झोपेतसुद्धा लक्षात असतं, आग्र्याचा दिवस शुक्रवारी आलाय असं एकही पत्रक मी आजवर बघितलेलं नाही. म्हणजे वार बघून प्रोग्राम लावता येतो तुम्हाला. लावायचा की नाही एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. सहाव्या दिवशी, गुरुवारी, तुमच्या पत्रकात एम्पोरियम होतं. दीड तास लिहिलेला, प्रत्यक्षात तीन तास होतात हे आपल्या दोघांनाही माहितीये, आणि का होतात तेही माहितीये, चहा फुकट पाजतात आणि शाल दाखवतात आणि बस काही हलत नाही. तर मी आदल्या रात्री जेवताना मॅनेजरला सांगितलं की आम्ही तिघी उद्या एम्पोरियमला येत नाही, आमचं आम्ही रिक्षाने चित्रं बघायला जाऊ आणि दुपारी हॉटेलवर भेटू. एवढंच बोलले हो, तर पलीकडच्या टेबलावरून एक काका उठून आले, एसटीतून रिटायर झालेले, म्हणाले मला पण न्या, मला शाल नकोय. मग त्यांची मिसेस. मग दोन बहिणी होत्या ग्रुपमध्ये, एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या म्हणाल्या तिथे बसायला मिळेल ना मग आम्ही येतो. सात जण झालो. दोन रिक्षा. तुमच्या मते ज्यांना काही कळत नाही असे सात जण.

आता आत काय झालं ते सांगते, कारण पत्र त्यासाठीच लिहितेय.

तुम्ही बाहेरून दाखवता ती इमारत १९३६ ची, जयपूरच्या महाराजांचा दिल्लीतला राजवाडा, आकार फुलपाखरासारखा, मधे घुमट आणि दोन बाजूंना पंख. १९५४ च्या मार्चमध्ये तिथे हे संग्रहालय सुरू झालं, उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी उद्घाटन केलं, नेहरू हजर होते. २००९ मध्ये मागे नवी भलीमोठी विंग झाली. एवढं तुमच्या मॅनेजरने माइकवर सांगितलं तरी पुरे, मिनिटभराचं काम आहे, पण ते अंताक्षरीत अडकलेले असतात.

बॅगा काउंटरवर ठेवून आत वळण्याआधी बाहेरच काका थांबले. आवारात देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं एक शिल्प आहे, ट्रायम्फ ऑफ लेबर, चार माणसं मिळून एक भलामोठा दगड हलवतायत. हाच शिल्पकार ग्यारह मूर्तीचा बरं का, गांधीजी पुढे आणि मागे माणसं चाललीयत ते दांडीयात्रेचं, जुन्या पाचशेच्या नोटेवर मागच्या बाजूला होतं ते. ते तुम्ही बसमधून दाखवता, डावीकडे बघा म्हणून, आणि डावीकडच्यांना दिसेपर्यंत बस पुढे गेलेली असते. तर काका त्या दगडवाल्या माणसांभोवती एक चक्कर मारून आले, मग दुसरी मारली, आणि वाकून एकाच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "जोर इथे लागतोय बघा, पोटरीत. हातात नाही. घाटात गाडी बंद पडली की आम्ही असंच ढकलायचो." आणि मग स्वतः तसे उभे राहून दाखवलं. मफलर आणि स्पोर्ट शूज घातलेला सत्तरीचा माणूस, दिल्लीच्या उन्हात, नसलेली बस ढकलतोय. वॉचमन हसायला लागला. मला सांगा, याला कळत नाही म्हणायचं का?

आत गेल्यावर पहिल्यांदा आईला रवी वर्मा भेटले. भेटले असंच म्हणते मी. आमच्या देवघरात आजीच्या वेळेपासून लक्ष्मीचा एक छापील फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला, तो रवी वर्मांच्या चित्रावरून आलेला छाप आहे हे आईला माहितीच नव्हतं. मुंबईत १८९४ साली त्यांनी छापखाना काढला, जर्मन पद्धतीची दगडावरची छपाई, मग काही वर्षांनी तो आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. महाराष्ट्रातल्या किती देवघरांतले देव मळवलीहून आले असतील देव जाणे. आणि इथे त्याच माणसाच्या हातचं खरं तैलरंगातलं काम समोर. फळ हातात घेतलेली एक बाई आहे तिच्यासमोर आई किती वेळ उभी राहिली. मी म्हटलं काय बघतेस, तर म्हणाली, "आपल्या लक्ष्मीला असं अंग नव्हतं गं, ती सपाट होती. ही श्वास घेतेय." छपाई आणि मूळ चित्र यातला फरक मी याहून चांगल्या शब्दांत कुठे ऐकलेला नाही.

मग अमृता शेर-गिल. तिच्या नावाला लोक थोडे टरकतात, मोठी चित्रकार, परदेशात शिकलेली वगैरे. जन्म बुडापेस्टचा १९१३ चा आणि गेली लाहोरला १९४१ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचं आयुष्य. तिची बरीच चित्रं या एकाच जागी आहेत, नवऱ्याने आणि वडिलांनी दिलेलीही त्यात आहेत. कायद्याने ती राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. २०२३ मध्ये तिचं एक चित्र लिलावात ६१.८ कोटींना गेलं, ही एक ओळ जरी माइकवर सांगितलीत ना तरी अख्खी बस मोबाइलमधून डोकं वर काढेल, माझी गॅरंटी.

आम्ही बघितलं ते तीन मुलींचं, १९३५ चं. तीन मुली बसल्यायत, रंगीत कपडे, माना जरा खाली, आणि कुणी कुणाकडे बघत नाहीये. हे चित्र १९३७ मध्ये मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक घेऊन गेलं होतं, म्हणजे आपल्याकडे येऊन गेलेली चित्रं आहेत ही, परकी नाहीत. भाची सोळा वर्षांची. तिला आम्ही आतापर्यंत ओढतच आणलं होतं, कानात इयरफोन. ती तिथे थांबली, एक इयरफोन काढला आणि म्हणाली, "या तिघी वाट बघतायत, पण कसली ते त्यांना विचारलेलं नाहीये." त्यावर गुडघ्यावाल्या मावशी मागून म्हणाल्या, "बघायचा कार्यक्रम असेल." आणि आम्ही सगळ्या बायका एकदम गप्प झालो, कारण तो कार्यक्रम भाची सोडून आमच्यातल्या प्रत्येकीने केलेला होता. मावशी मग समोरच्या बाकावर बसल्या त्या पंधरा-वीस मिनिटं उठल्याच नाहीत. गुडघ्यासाठी बसल्या असं त्या म्हणतात.

सगळंच आवडलं असं खोटं सांगणार नाही. एका आख्ख्या दालनातून आम्ही सरळ चालत बाहेर आलो, काही म्हणजे काही पोचलं नाही, आणि मला वाटतं ते चालतं, लग्नाच्या पंगतीत सगळे पदार्थ खायलाच हवेत असं कुठे असतं. गायतोंडेंच्या चित्रासमोर तर काका वैतागले. म्हणाले भिंतीला ओल आल्यासारखं दिसतंय. मी त्यांना सांगितलं की हा माणूस नागपूरला जन्मलेला, १९२४ चा, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला, पुढे दिल्लीत राहिला, ब्रशऐवजी रोलर आणि रंग खरवडायची पट्टी वापरायचा, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने २०१४ मध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. काका म्हणाले नागपूरचा का, मग थांबतो दोन मिनिटं. थांबले. नंतर म्हणाले ओलच आहे, पण बघत राहावं अशी ओल आहे. या बाबतीत माझं मत काकांपेक्षा फार पुढे गेलेलं नाही हेही कबूल करते.

आणि आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणता ना सामान्य माणसाला यातलं कळत नाही, त्याला खरं उत्तर त्याच संग्रहालयात आहे. चित्रकार नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर्स. १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातमध्ये बारडोलीजवळ हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं, सुभाषबाबू अध्यक्ष. गांधीजींनी नंदलालना सजावटीला बोलावलं आणि नंदलालनी आपल्या माणसांना घेऊन शेकड्याने पोस्टर्स रंगवली, हातकागदावर, झपाझप मारलेल्या जाड रेघा आणि मातीचे रंग. विषय काय तर ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, घरची कामं करणाऱ्या बाया, कुस्ती. आणि ती लावली कुठे, तर उघड्यावर, गेटांवर आणि मंडपांवर, की गावोगावच्या शेतकऱ्यांनी येता-जाता बघावीत. तिकीट नाही, गाइड नाही, कळतं का नाही अशी परीक्षा नाही. बैलगाडीतून उतरलेल्या माणसासाठी काढलेली चित्रं आहेत हो ती, आणि तुम्ही एसी बसमधून उतरलेल्या माणसाला सांगता की तुला नाही कळणार?

यामिनी रॉय यांचंही थोडंफार तसंच. आधी विलायती पद्धतीने काढायचे, मग ते सोडून कोलकात्यातल्या कालीघाटच्या पटचित्रांकडे वळले, लांब डोळ्यांची माणसं, सपाट रंग, काजळीचा काळा. आई रांगोळीवाली आहे, तिला ते लगेच कळलं, म्हणाली हा माणूस रेघ तोडत नाही, एका दमात ओढतो. शिवाय आपले मुंबईचे प्रोग्रेसिव्हवाले, १९४७ मध्ये ज्यांनी चित्रकारांचा ग्रुप काढला ते, सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. यातले हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे आणि आरा लोकांच्या गाड्या पुसायचे. ही कुठल्या राजवाड्यातली माणसं नव्हती.

आता तुमच्या अडचणी. मला माहितीयेत, मी काही हवेत बोलत नाही. पार्किंगची अडचण सांगाल, तर बस इंडिया गेटपाशी जिथे थांबवता तिथून पायी जाता येतं, आणि नाहीतरी तिथे तुम्ही पाऊण तास भेळ आणि फुगे यात घालवताच. वेळ नाही म्हणाल तर एम्पोरियमचे तीन तास मी वर मोजून दाखवलेत, त्यातले दोन द्या. लहान मुलं कंटाळतात म्हणाल तर मुलं कुतुबमिनारलाही कंटाळतात, फक्त तिथे पळायला जागा असते. म्हाताऱ्यांना चालवत नाही हे मात्र खरं आहे, त्यावर उपाय म्हणजे आधी फोन करून व्हीलचेअर आणि लिफ्टचं विचारून ठेवणं, हे काम मॅनेजरचं आहे, माझ्या आईचं नाही.

आणि कृपा करून, नेलंत तर असं नेऊ नका की शिट्टी वाजवून पंचवीस मिनिटांत सगळी दालनं उरकायची. त्यापेक्षा ते बाहेरून बरं. हजारो कलाकृतींचा संग्रह आहे त्यांचा आणि एका वेळी भिंतीवर असतो त्यातला थोडासाच भाग, तोही सगळा एका दिवसात बघून होत नाही. दहा चित्रं निवडा. दहाच. बसमध्ये आदल्या संध्याकाळी माइकवर त्या दहांबद्दल सांगा, कोणी काढलं, कधी काढलं, एखादी गंमत. मग आत सोडून द्या लोकांना आणि दोन तासांनी गेटवर भेटा. कुणी दहा बघेल कुणी दोन बघेल आणि कुणी बाकावर बसून झोपेल, झोपू दे, नवी विंग मोठी आहे. सकाळी उघडल्या उघडल्या न्या, संध्याकाळी पाय गेलेले असतात आणि पाय दुखत असले की डोळे पण बघत नाहीत हा माझा अनुभव आहे.

दहा निवडताना एक सांभाळा, कागदावरची कामं कायम लावलेली नसतात, उजेडाने कागद आणि रंग खराब होतात म्हणून ती आलटून पालटून बाहेर काढतात. चित्रं दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेली असतात, एखादं दालन नव्या मांडणीसाठी बंद असतं. त्यामुळे निघायच्या आधी संग्रहालयाला फोन करा किंवा त्यांची वेबसाइट बघा, वेळाही तेव्हाच बघा कारण त्या बदलत राहतात, आणि मग लोकांना सांगा की हे असेल आणि हे नसेल. आम्हाला हरिपुरातली सगळी दिसली नाहीत, मोजकीच होती, पण आम्हाला ते आधी माहिती होतं म्हणून रुसवा नव्हता. रुसवा येतो तो न सांगण्याचा.

मुंबई दर्शनवाल्यांनो, तुम्ही हळूच सटकू नका. या संग्रहालयाची मुंबई शाखा काळा घोड्याला आहे, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९११ ची इमारत, १९९६ पासून तिथे चित्रं बघायला मिळतात. तुमची बस म्युझियमकडून गेटवेकडे वळते तेव्हा ती इमारत खिडकीतून दिसते आणि तुमचा गाइड त्या क्षणी हमखास ताज हॉटेलबद्दल बोलत असतो. आत अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात, वर घुमटापर्यंत, जुन्या सभागृहाचं पोट पोखरून केलेली जागा आहे. तिथे प्रदर्शनं बदलती असतात, मधल्या दिवसांत बंदही असतं, आणि सोमवारी तर असतंच. तेव्हा तिथेही वार बघा. बाहेरगावची शाळेची सहल असेल तर नक्की बघा, कारण तारांगण आणि राणीचा बाग यात चित्रकलेच्या बाईंच्या वाट्याला काहीच येत नाही आणि त्या बिचाऱ्या बसमध्ये पोरांची डोकी मोजत बसलेल्या असतात.

आमच्या त्या गुरुवारचं शेवटचं सांगते. दुपारी दीडला आम्ही हॉटेलवर पोचलो, म्हणजे बसच्या आधी पाऊण तास, कारण एम्पोरियम लांबलं होतं. लोक आले, हातात पिशव्या, आणि संध्याकाळभर शालींच्या भावावरून कुजबुज, मला इतक्याला पडली तुला इतक्याला कशी. आमचे काका जेवणाच्या रांगेत दोन जणांना पोटरीत जोर कसा लागतो ते दाखवत होते. रात्री मॅनेजर माझ्याकडे आला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, ताई, मी इतके वर्षं ग्रुप आणतोय, मीच कधी आत गेलो नाहीये. बिचारा चांगला मुलगा होता. मी त्याला आमच्या तिघींच्या तिकिटांची अर्धुकं दिली, त्याच्यावर फोन नंबर छापलाय का बघ म्हटलं.

तर आता नवीन सीझनची पत्रकं यायला लागलीयत. परवा पेपरमधून एक घरात पडलं. आईने चष्मा लावून वाचलं, तिला तिसऱ्यांदा दिल्लीला जायचंय, यावेळी तिच्या भिशीच्या ग्रुपमधल्या पाच जणींना घेऊन, म्हणजे सहा सीटा, अॅडव्हान्स तयार आहे. तिने तिसऱ्या दिवसावर बोट ठेवून मला विचारलं, हा कंस काढणारा कोणी मिळतोय का बघ.

मिळाला तर कळवा. सहापैकी दोन जणींना खिडकी लागेल.

आपली,
एम्पोरियमला न आलेली